नातालीन मावशी आणि टाकीवरचे पंखे

नातालीन मावशी माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ओरडूनच बोलली.

"शाल काढ! आदी ती शाल काढ गो पोरीवरची!"

तेव्हा आम्ही पेणकरपाड्यात नवीनच राहायला आलो होतो, तिसऱ्या मजल्यावर, एका मजल्यावर सहा खोल्या आणि मी एकाही दाराला ओळखत नव्हते. आरू दहा महिन्यांची होती. तिला ताप होता आणि परभणीहून सासूबाई फोनवर सांगत होत्या की घाम आला की ताप उतरतो, चांगली गुंडाळ, म्हणून मी मार्चच्या गर्मीत तिला दोन झबली, टोपी, वरून शाल असं करून मांडीवर घेऊन बसले होते. सकाळचे दहा वाजले असतील. आरूचे पप्पा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर असतात, ते गेलेले. आणि आरूने डोळे फिरवले. हातपाय ताठ, तोंडातून फेस, ओठ निळे. मी तिला घेऊन पॅसेजमध्ये पळाले आणि ओरडायला लागले, काय ओरडले ते आजपण आठवत नाही मला.

समोरचं दार उघडलं. एक बाई आली, उंच, रुंद, गुडघे दुखतात म्हणून डुलत चालणारी, गळ्यात क्रूस, केसांत अबोलीचा गजरा. तिने शाल ओढून फेकली, टोपी फेकली, झबली काढली आणि आरूला तिथेच लादीवर एका कुशीवर ठेवलं. मी आरूला सारखी हलवत होते, गाल दाबत होते, तर तिने माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता.

"हात लावायचा न्हाय. बघायचं."

"ती मरतेय ओ!"

"मरत न्हाय. बघ तू. छाती बघ. हालते ना? बघ नुसती."

दोन मिनिटं झाली असतील फार तर. मग आरू सैल पडली आणि रडली. रिक्षात मावशी आमच्यासोबत बसली, पायात चप्पल पण नव्हती तिच्या. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले तापातली फिट आहे, लहान मुलांना येते, घाबरू नका, मोठी झाली की जाते. ताप आला की लगेच औषध द्या, अंग मोकळं ठेवा, साध्या पाण्याने पुसा, बर्फ नको. परत येऊ शकते. एवढं सगळं ते बोलले, पण मी एकच ऐकलं, परत येऊ शकते.

तेव्हापासून माझा हात आरूच्या कपाळावरून उठेना. ती खेळतेय तरी हात, झोपलीय तरी हात, भाकरी थापतेय आणि मध्येच पिठाच्या हाताने जाऊन कपाळ बघून येतेय. पोरीच्या कपाळाला कायम पीठ. मावशी दारातून बघायची आणि म्हणायची, "हात काढ. गरम हातानं तुला सगलं गरमच लागनार."

ते हात लावायचा न्हाय म्हणजे तिच्या धंद्यातलं होतं. मावशी उत्तनची, कोळीण. उभा जन्म भाईंदरच्या बाजारात टोपली घेऊन बसली. गिऱ्हाईक आलं की मासा दाबून बघतं, गालफडं उचकटून बघतं, आणि ही ओरडायची, हात लावायचा न्हाय, बघायचं, डोले हायेत ना तुला? आता गुडघे गेले म्हणून धंदा सुटला, उत्तनच्या घरी सुनेशी पटेना, म्हणून मुलीची ही खोली रिकामी होती तिथे येऊन राहिली. मुलगी जावई आखातात. पण आवाज बाजारातलाच राहिला होता. ती खोलीत बसून मला "गो आरूची आय" म्हणून हाक मारायची तर खालचा कम्प्युटर रिपेरिंगवाला वर बघायचा.

आणि तिच्या खोलीत टाकी होती.

दोन फुटांची काचेची टाकी, आणि आत नुसतं हिरवं. मी आधी माशांच्या टाक्या बघितल्या होत्या, प्लास्टिकची झाडं, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा शिंपला. हिच्या टाकीत खरी झाडं होती, मातीत रुजलेली, काही केसासारखी बारीक, काही रुंद पानाची, एका लाकडावर शेवाळ. सकाळी दिवा लावला की पानांना बारीक बारीक बुडबुडे चिकटायचे, मोत्यासारखे, आणि एकेक सुटून वर जायचा. आरू ते बघत तासभर गप्प बसायची. माझ्याकडे ती पाच मिनिटं गप्प बसत नसे.

टाकी मावशीने घेतलेली नव्हती. आधीचा भाडोत्री खोली सोडताना ठेवून गेला होता. मावशी मला म्हणाली, "माला ती फेकायची व्हती. बालदी आनली, चाळन आनली. म्हनलं आदी जरा बसू, गुडघा दुखत व्हता. बसले ती दुपार झाली. गो, जल्मभर मासली इकली मी, पन जिती मासली पान्यात काय करते ते कदी बघितलंच न्हवतं. माज्याकडं यायची ती मरूनच यायची."

माशांची नावं तिने आपली आपण ठेवली होती. लाल निळी पट्टी असलेले बारके मासे म्हणजे मांदेली. काचेला चिकटणारा काळा म्हणजे निवटी. लाल रंगाच्या नखाएवढ्या कोलंब्या होत्या, त्यांना जवळा. दुकानात त्यांचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते तिला माहीत होतं पण ती घेत नसे. आणि ह्या सगळ्यांसमोर बसून ती तळलेले बोंबील खायची. मी एकदा म्हटलं, मावशी, त्यांना दिसतं ना. तर म्हणाली, "दिसू दे. त्यांनाबी कलू दे, ती कोनाच्या घरी हायेत."

एकदा मी तिच्यासोबत मीरा रोडला त्या माशांच्या दुकानात गेले. आत शिरली ती पदर खोचून, बाजारात शिरते तशी. दुकानदार भला माणूस, हिंदी बोलणारा.

"ये मांदेली ताजा है क्या?"

"आंटी, ये जिंदा है।"

"जिंदा तो मेरेको भी दिखता है. ताजा है क्या, वो पूछती मैं."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मावशी काचेला नाक लावून उभी राहिली, बराच वेळ, बाकीची गिऱ्हाइकं येऊन गेली. मग बोट दाखवून म्हणाली, "वो कोनेवाला मत देना. वो दो दिन का है."

"अरे आंटी, सबसे मस्त तो वही है! देखो कैसा भागता है।"

"भागता है ना? वोही."

तो हसला आणि मुद्दाम तोच मासा पिशवीत टाकला. तिसऱ्या दिवशी तो मेला. मावशीने कागदात गुंडाळून मोगऱ्याच्या कुंडीत पुरला आणि पुढच्या वेळी दुकानदाराला नुसतं एवढं सांगितलं, "मंगलवारको गया." त्यानंतर नवीन मासे आले की तो माणूस फोन करायचा तिला, आंटी, जरा आके देख लो.

पण तिची खरी लढाई मे महिन्यात असायची. आपल्याकडचं ते चिकट ऊन, खाडीवरून येणारी दमट हवा, भिंतीला हात लावला तरी घाम. टाकीचं पाणी तापलं की आधी जवळा मरतो, मग झाडांची पानं काचेसारखी होऊन विरघळतात, मग मासे. मावशीने टाकीचं झाकण काढून टाकलं होतं आणि काठावर दोन पंखे लावले होते. एक चिमट्याचा, विजेवरचा. दुसरा खालच्या कम्प्युटरवाल्याकडून आणलेला, कम्प्युटरच्या पोटातला काळा चौकोनी पंखा, तो बॅटरीवर चालायचा. लाईट गेली तरी हा एक फिरत राहायचा. पंखे सरळ लावायचे नाहीत. तिरके लावायचे, वारा पाण्याच्या अंगावरून घसरत गेला पाहिजे.

"पान्याला सुरकुती पडाय पायजे," ती म्हणायची. "सुरकुती पडली का थंड व्हतं. न्हाय पडली तर पंका नुसता गाना गातो."

मला कळायचं नाही. पंख्याचा वारा तर गरमच असतो, मग पाणी थंड कसं होतं? सातवीपर्यंत शिकले मी, त्यात असं काही आलं नव्हतं, का आलं असेल आणि मी घरी भावंडं सांभाळत असेन. मावशीने माझा पदर पाण्यात बुडवला आणि मला खिडकीत उभी केली.

"वारा लागला? कसं वाटतं?"

"थंड."

"वारा गरमच हाय ना? तरी थंड. पानी उडून जातं नि जाताना गरमी घेऊन जातं. पंका रोज दोन बोटं पानी पितो. तेवडं परत घालायचं."

काचेवर तिने नेलपॉलिशने रेघ मारली होती, पाणी तिथपर्यंत. आणि टाकीत एक तापमापी होती काचेची, तिच्यावरचे बारीक आकडे तिला दिसत नसत, म्हणून तिच्यावरपण नेलपॉलिशची लाल रेघ. आतला पाऱ्यासारखा लाल दोरा रेघेच्या वर गेला की धोका. दिवा फक्त सकाळचा. खिडकी उघडी, नाहीतर खोलीतच दमट होतं आणि पाणी उडत नाही. खाट तिने खिडकीपासून सरकवून भिंतीला लावली होती, का तर वारा टाकीला मिळावा. स्वतः घामाने भिजून बसायची.

मला हे सगळं आवडायचं आणि मला त्याची भीतीपण वाटायची. लाल रेघ, लाल दोरा. घरी माझ्याकडे आरूची तापमापी, ती मी सारखी लावून बघायचे. दोन्ही घरांत आम्ही बायका आकडा चढायची वाट बघत बसलोय असं वाटायचं. फरक एवढाच की मावशी बघत असायची आणि मी हात लावत असायचे.

दुसऱ्या वर्षीच्या मेमध्ये उत्तनला तिच्या नातवाचं लग्न ठरलं. सुनेने स्वतः फोन केला, आय, तुमी आल्याबिगर हळद लावनार न्हाय. तीन दिवस जायचं होतं. मावशीने किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी किल्ली परत द्यायला लागले. "मला नको मावशी. माझ्याकडून होणार नाही. माझा हात लागला की सगळं बिघडतं. त्या कम्प्युटरवाल्याला द्या, त्याला कळतं तरी."

"त्याला नको. तो भीत न्हाय. न भिनारा मानूस इसरतो." तिने किल्ली परत माझ्या मुठीत दाबली. "तुज्यावानी भिनारी बाय पायजे."

आयुष्यात मला कुणी भित्री आहेस म्हणून एखादं काम दिलं नव्हतं. मी किल्ली घेतली.

पहिला दिवस मी दहा वेळा जाऊन आले. पाणी रेघेला, दोरा रेघेखाली, सुरकुती बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी आरू उठली तीच गरम. मी औषध दिलं. हिच्या पप्पांना फोन लावला, कारखान्यात मशीनचा आवाज, ते म्हणाले संध्याकाळी दवाखान्यात नेऊ, पाच वाजता उघडतो. अकरा वाजता ताप आणखी चढला. साडेअकराला लाईट गेली.

नुसती आमच्या बिल्डिंगची नाही, अख्ख्या गल्लीची. खाली कुणीतरी ओरडलं, ट्रान्सफॉर्मर उडाला, आता संध्याकाळच. खोलीत हवा अशी थांबली की जणू कुणी दार लावून घेतलं. आरू भाजत होती. तिचे डोळे अर्धे मिटलेले, आणि मला दिसत होतं की आता ती डोळे फिरवणार, आता फिरवणार. मी तिला उचललं आणि मावशीच्या खोलीत नेलं, कारण अख्ख्या मजल्यावर फिरत असलेला पंखा एकच होता.

बॅटरीवरचा काळा पंखा.

मी आरूचे कपडे काढले, ओल्या फडक्याने पुसलं, साध्या पाण्याने, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मग मी टाकीवरचा पंखा बॅटरीसकट काढला. तो कशाला अडकवायचा ते समजेना म्हणून हातातच धरला आणि आरूच्या ओल्या अंगावरून वारा घसरवला, तिरका, मावशी लावते तसा. तिच्या पोटावर काटा आला. मी पुसत राहिले, पंखा धरत राहिले. माझा हात तिच्या कपाळाकडे जात होता आणि मी तो मागे घेत होते. छाती बघ. हालते ना? बघ नुसती. एक वाजता तिला घाम फुटला. ती झोपली. फिट आली नाही.

मी हसले बहुतेक. का रडले. मग वर बघितलं तर टाकीत सगळी मांदेली पाण्याच्या वरच्या अंगाला आली होती, तोंडं बाहेर काढून, उघडझाप, उघडझाप. लाल दोरा रेघेच्या वर, चांगला वर.

पंखा मी आरूवरून काढू शकत होते का? काढला असता तर? ती झोपली होती. ताप उतरत होता. पण अजून गरम होती ती. मी नाही काढला. आजपण मला विचाराल तर नाही काढणार.

पण मासे मरू द्यायचे नव्हते मला. मी मावशीचा फ्रीज उघडला. लाईट नव्हती तरी वरच्या कप्प्यात बर्फ गच्च, छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला. मला वाटलं, कोळणीच्या घरी बर्फ माशांसाठीच असणार. मासा म्हटलं की बर्फ, एवढं तर मला पण माहीत होतं, बाजारात लहानपणापासून बघितलेलं. पोरीला बर्फ लावायचा नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, माशांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तीन पिशव्या फोडून टाकीत सोडल्या. लाल दोरा भराभर उतरला. रेघेपर्यंत, मग रेघेच्या खाली, मग खूप खाली. मला इतकं बरं वाटलं. मासे वरून हटले, खाली गेले, झाडांत जाऊन शांत बसले. मला वाटलं, थंडावा मिळाला त्यांना.

चार वाजता लाईट आली, पण पाणी थंड होतं म्हणून टाकीवरचा चिमट्याचा पंखा मी बंदच ठेवला. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, आरूला घशाचं इन्फेक्शन होतं, औषध मिळालं, रात्री ती पेज जेवली. सकाळी किल्ली घेऊन मावशीचं दार उघडलं तर जवळा सगळा वाळूवर पांढरा पडला होता, आणि मांदेली सात, वर, आडव्या. निवटी काचेला होता. बाकीच्या चार झाडांत लपलेल्या, हलत होत्या पण तिरक्या.

तेवढ्यात फोन वाजला. मागे ब्रास बँड वाजत होता.

"गो आरूची आय! पंका चालू हाय ना?"

"हो मावशी."

"सुरकुती पडते?"

"पडते."

"पोरगी?"

"बरी आहे," मी म्हटलं. तेवढंच एक खरं होतं.

फोन ठेवला आणि मी आरूला कडेवर घेऊन मीरा रोडला त्या दुकानापर्यंत गेले. तसलीच मांदेली आणून सोडायची होती. दुकानाच्या काचेपर्यंत गेले आणि परत फिरले. मावशी एकेकीला चेहऱ्याने ओळखते. ती म्हणेल, ही कोनाची?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. हातात लग्नातले लाडू, अंगाला हळदीचा वास. मी दारातच उभी होते, सगळं पाठ करून ठेवलं होतं, लाईट गेली, ट्रान्सफॉर्मर उडाला, गर्मी फार होती. ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि बघत राहिली, त्या दुकानात उभी होती तशी. मी बोलायला लागले, मावशी, ते लाईट, तर तिने नुसता हात वर केला.

मग तिने मेलेल्यांचं विचारलं. मी फेकले नव्हते, कागदात ठेवले होते फ्रीजमध्ये, कुंडीत पुरायला मावशीच हवी म्हणून. तिने एक उचलून उजेडात धरला.

"बर्फ किती टाकलास?"

"तीन पिशव्या."

"तो माज्या गुडघ्याचा बर्फ व्हता."

मी रडत रडत सगळं सांगितलं, आरू, ताप, पंखा हातात धरला ते, कपाळाला हात नाही लावला ते, छाती बघत बसले ते. फोनवर खोटं बोलले तेपण. ती ऐकत होती की नाही मला कळेना. मेलेली मांदेली तिच्या तळहातावर होती आणि ती अंगठ्याने तिची पट्टी पुसत होती.

"पोरीला फिट आली?"

"नाही."

"मंग."

एवढंच. मग तिने मासा परत कागदावर ठेवला आणि म्हणाली, "बर्फाची मेलेली मासली माला कोन शिकवनार? पयल्या उनाल्यात मीबी टाकला व्हता बर्फ. पाटी भरून. तेरा मेल्या. कोनाला सांगितलं न्हाय. मुलीला सांगितलं, भाडोत्र्यानं आजारी ठेवल्या व्हत्या." ती हसली, पण तोंड वाकडं करून. "जल्मभर मेलेल्या मासलीला बर्फ लावला गो. जित्या मासलीला किती लावायचा, ते माला कोन सांगनार व्हतं?"

ती उठली. कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली, तापमापी पाण्यातून काढून पदराने पुसली आणि लाल रेघेच्या खाली, दोन बोटं सोडून, दुसरी रेघ मारली. फुंकर घालून वाळवली.

"ही माजी चूक. वरचीच रेघ मारली व्हती. माला माहीत असून." तापमापी परत पाण्यात सोडली. "आता बोल, कदी भ्यायचं?"

"वर गेलं की. आणि खाली गेलं की."

"नि मदी?"

मी दोन्ही रेघांकडे बघत राहिले.

"मदी बसायचं," मावशी म्हणाली. "नि पुन्ना खोटं बोललीस तर बग. बाजारात खोटं बोलावं. दारात न्हाय."

उरलेल्या चारांतल्या तीन जगल्या. आरूला त्यानंतर ताप आला तो आलाच, पण फिट आली नाही. माझी भीती गेली असं नाही. पण मध्ये बसायला मी थोडं शिकले, म्हणजे दहा वेळा हात लावायचे तिथे चार वेळा.

त्या लग्नात सुनेशी तिचं पटलं होतं. पुढच्या वर्षी मुलगी जावई आखातातून कायमचे परत येणार, खोली लागणार, म्हणून एप्रिलमध्ये मावशी उत्तनला निघाली. टाकी रिकामी करून टेम्पोत मागे ठेवली होती, गोधडीत गुंडाळून. झाडं ओल्या वर्तमानपत्रात, ती पापलेट बांधायची तशाच घड्या घालून. मासे बालदीत. चिमट्याचा पंखा तिने मला दिला. म्हणाली, लाईट हाय तोपर्यंत चालतो, बाकी देव बघंल. काळा पंखा तिने नेला.

ती टेम्पोत पुढे बसली, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर बालदी. एका हाताने बालदी धरलेली आणि दुसऱ्या हातात तो काळा पंखा, पाण्यावर तिरका, पायाशी त्याची बॅटरी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी आरूला कडेवर घेऊन टेम्पोच्या खिडकीशी उभी होते. मी म्हटलं, "मावशी, पोचलात की फोन करा."

"करते."

"पाणी डचमळेल, ड्रायव्हरला हळू सांगा."

"त्याला कवाच सांगितलं."

आरूला सकाळपासून शिंका येत होत्या. ड्रायव्हरने टेम्पो चालू करून पुढे घेतला. मी तिथेच उभी, आणि मला कळलंपण नाही माझा हात कधी आरूच्या कपाळावर गेला.

"हात काढ गो!"

अख्खी गल्ली वळून बघायला लागली. खालचा कम्प्युटरवाला बाहेर आला. मावशीने माझ्याकडे मान पण वळवली नव्हती, ती बालदीत बघत होती, बाजूच्या आरशात मी तिला दिसले असणार.

"बघ नुसती!"

मी हात काढला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा मला खिडकीतून तिचा दंड दिसत होता आणि हातातला पंखा. बालदीतलं पाणी मला दिसलं नाही. पण ती ज्या तऱ्हेने पंखा धरून बसली होती त्यावरून मला कळलं की सुरकुती पडत होती.